भीतीवर औषध देणं म्हणजे लाड नव्हे



आपल्या मंडळात मला बरेच जण 'डॉक्टर' म्हणतात. त्यामुळे गणपतीच्या जेवणाच्या रांगेत कोणी गुडघा दाखवतं, कोणी फोनवर रक्ताचा रिपोर्ट उघडून पुढे करतं. त्या सगळ्यांना सांगते तेच इथेही सांगते: माझी डॉक्टरी पीएच.डी.ची. तीसहून अधिक वर्षं मी विद्यापीठात औषधशास्त्र शिकवलं. औषध शरीरात जाऊन काय करतं, हे विद्यार्थ्यांना समजावलं. पेशंट मात्र एकही तपासला नाही. तेव्हा हा लेख वैद्यकीय सल्ला म्हणून वाचू नका. तो सल्ला तुमच्या मुलाचं वजन, आजार आणि इतर औषधं ठाऊक असलेले डॉक्टरच देऊ शकतात. हे एका निवृत्त शिक्षिकेचं मत आहे. पटलं तर घ्या, नाही तर पुढच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी माझ्याशी भांडा.

गेली काही वर्षं तरुण आईवडील मला एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत विचारतात. मुलीच्या लघवीच्या मार्गाची तपासणी आहे, नळी घालावी लागणार आहे. मुलाच्या चार दाढा भरायच्या आहेत. हनुवटीला टाके घालायचे आहेत. डॉक्टर म्हणतात, आधी भीती कमी करणारं औषध देऊ. "मावशी, देऊ द्यायचं का?" आणि मागून, सहा महिन्यांसाठी भारतातून आलेल्या आजीआजोबांचा आवाज येतो, "एवढ्याशा लेकराला गुंगीचं औषध? दोन मिनिटं घट्ट धरून ठेवलं की झालं!"

माझं मत आधीच सांगून टाकते. योग्य मुलाला, योग्य कारणासाठी, योग्य ठिकाणी दिलेलं असं औषध हा लाड नाही, की आईबापांचा कमकुवतपणाही नाही. चार मोठ्या माणसांनी हातपाय दाबून धरणं हा काही धैर्याचा धडा होत नाही. पण हे औषध बिनधोकही नाही, आणि ते दिलं म्हणून पालकांचं काम संपत नाही. योग्य-अयोग्य ओळखायला मला एक प्रश्न पुरेसा वाटतो: हे कोणासाठी चाललंय? मुलाच्या भल्यासाठी, की मोठ्यांच्या सोयीसाठी?

आजीआजोबांच्या शंकेला मी हसणार नाही. तिच्यामागे इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या सरकारी चौकशी-अहवालांत त्याच्या नोंदी आहेत. त्या बायकांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. दहा तास यंत्रापुढे उभं राहायचं आणि पोराला सांभाळायला कोणी नाही, अशी ती गत होती. पण ती गोळी मुलाच्या गरजेसाठी नव्हती. मूल गप्प राहावं म्हणून होती. 'लेकराला गुंगी देऊ नये' हा आपल्याकडचा कानमंत्र अशाच अनुभवांतून आला असणार, आणि त्या गोळीपुरता तो शंभर टक्के खरा आहे. आज मुंबईच्या विमानात मूल रडू नये म्हणून ॲलर्जीचं औषध पाजणारे आईबाप भेटतात, त्यांनाही तो लागू आहे. तपासणीआधीच्या औषधाला तो जसाच्या तसा लागू होतो का, हे मात्र तपासून पाहायला हवं.

इथल्या रुग्णालयांत या कामासाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं एक औषध म्हणजे मिडॅझोलाम. व्हॅलियम हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. ते १९६३ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. मिडॅझोलाम त्याच कुळातलं, पण लवकर चढणारं आणि लवकर उतरणारं. आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचं एक रसायन असतं. गाडीला जसा ब्रेक, तसं ते मेंदूतल्या धावपळीला. हे औषध तो ब्रेक जरा जोरात लागायला मदत करतं. मुलांना ते सरबतासारखं पाजतात किंवा नाकात फवारतात. अमेरिकेत १९९८ मध्ये या औषधाच्या सरबताला मान्यता मिळाली. त्याआधी डॉक्टर इंजेक्शनचंच औषध गोड पाकात कालवून देत. सरबताला चेरीचा स्वाद असतो, तरी कडूपणा काही लपत नाही. साधारण पंधरा-वीस मिनिटांत मूल सैलावतं, कधी खुदुखुदु हसतं, जीभ जरा जड होते. ते बहुधा जागंच असतं, बोलावलं तर ओ देतं. भूल देणं वेगळं आणि हे वेगळं.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. पहिली: हे औषध भीती कमी करतं, वेदना कमी करत नाही. टाके घालायचे असतील तर जागा बधिर करण्याचं औषध वेगळं द्यावंच लागतं. शांत पडलेल्या मुलाला दुखत नाही, असं समजू नका. दुसरी: औषध घेतल्यानंतर जे घडतं त्याची आठवण पुसट राहते किंवा राहतच नाही. पालकांना याचा मोठा दिलासा वाटतो, आणि तो खराही आहे. पण 'नाहीतरी आठवणार नाही, मग धरा आणि उरका' असं कोणी म्हणू लागलं, तर आपण पुन्हा त्या गोळीपाशी येऊन पोचलो. आठवण राहणार नाही म्हणून त्या क्षणाचं दुःख खोटं ठरत नाही.

आता एक तपासणी उदाहरणादाखल घेऊ. लहान मुलांना, विशेषतः मुलींना, मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार झाला, तर लघवी मूत्राशयातून उलटी मूत्रपिंडाकडे जाते का, हे पाहावं लागतं. त्यासाठी लघवीच्या जागेतून बारीक नळी घालतात, मूत्राशयात क्ष-किरणांत दिसणारं द्रव भरतात, आणि मुलाला त्या टेबलावरच लघवी करायला सांगून चित्रं घेतात. शब्दांत हे सोपं वाटतं. आता चार वर्षांच्या मुलीच्या जागी उभं राहून पाहा. वर्ष-दीड वर्ष खपून आपण तिला शिकवलं की शू बाथरूममध्येच करायची आणि त्या जागेला कोणाला हात लावू द्यायचा नाही. आज तेच आईबाबा तिला अनोळखी लोकांसमोर कपडे काढून झोपायला सांगतात, कोणीतरी तिथेच हात लावतं आणि सगळे म्हणतात, "कर शू." इथे वेदनेपेक्षा भीती आणि लाज मोठी. लहान मुलांना त्रासाचे प्रसंग किती आणि कसे आठवतात, हे अभ्यासण्यासाठी मानसशास्त्रज्ञांनी हीच तपासणी निवडली होती. मुद्दाम कोणा मुलाला त्रास न देता अभ्यासता येईल असा, वैद्यकीय गरजेतूनच येणारा तो प्रसंग होता. यावरून काय ते समजा.

या तपासणीत पूर्ण भूल गैरसोयीची, कारण मुलाने स्वतः लघवी करायला हवी. मिडॅझोलामसारखं औषध तिथे उपयोगी पडतं: मूल जागं राहतं, सांगितलेलं करू शकतं, आणि घाबरून आक्रसत नाही. भीतीने आवळलेल्या स्नायूंतून नळी जाताना जास्त दुखतं, आणि मग भीती आणखी वाढते. औषधाने हे चक्र तुटतं.

तरी औषधाच्याही आधीचा एक प्रश्न आहे: ही तपासणी हवीच आहे का? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स'ने, २०११ मध्ये सांगितलं की, दोन ते चोवीस महिन्यांच्या बाळाला तापासह असा संसर्ग पहिल्यांदाच झाला असेल आणि सोनोग्राफीत वावगं काही दिसलं नसेल, तर ही तपासणी सरसकट करू नये. तेव्हा 'आता केलीच पाहिजे का, थांबलं तर काय होईल?' हे विचारायला संकोचू नका. डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे त्यांचा अवमान, हा संस्कार आपण विमानातून उतरतानाच मागे ठेवायला हवा होता.

आता आपल्या पिढीचं लाडकं वाक्य. "आम्हाला कुठे कोणी औषधं दिली? देवीची लस टोचली, हात सुजला, ताप आला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. काय बिघडलं आमचं?" माझ्या दंडावरही तो वण आहे. पण आपल्याच वयाच्या मंडळींकडे नीट पाहा. दात दुखून गाल सुजला तरी दंतवैद्याची पायरी न चढणारे किती आहेत? साखर वाढत गेली तरी इन्सुलिनच्या सुईला घाबरून वर्षानुवर्षं चालढकल करणारे? सोसलं म्हणजे विसरलं, असं होत नाही.

वैद्यकशास्त्रालाही ही जाण उशिरा आली, हे सांगायला हवं. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया जेमतेम भुलीवर होत. बाळांना वेदना फारशी कळत नाही आणि भूल सोसत नाही, असा समज होता. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये अकाली जन्मलेल्या बाळांवर काम करून १९८७ मध्ये दाखवून दिलं की, पुरेसं वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो आणि ती नंतर अधिक सुखरूप राहतात. भीतीची कथाही अशीच. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमध्ये, रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर माहितीपट केला. त्या काळी आईवडिलांना भेटीची वेळ ठरलेली असे. मूल रडेनासं झालं की 'रुळलं' असं म्हणत. मूल रुळलेलं नसतं, आशा सोडून गप्प झालेलं असतं, हे त्या चित्रपटाने लोकांना दाखवलं. इकडे क्लीव्हलँडमध्ये १९५५ पासून एमा प्लँक यांनी रुग्णालयातल्या मुलांसाठी खेळ, शिक्षण आणि उपचारांची तयारी यांचा कार्यक्रम उभारला. आज इथल्या मुलांच्या रुग्णालयांत 'चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट' असतात, ते त्याच परंपरेतले. बाहुलीला नळी लावून दाखवणं, मशीनचा आवाज आधी ऐकवणं, हे त्यांचं काम. सहसा त्यांचं वेगळं बिल येत नाही. तरी आपल्यातल्या फार थोड्या पालकांना ते ठाऊक असतात.

'एकदाच तर आहे, धरून उरकून घेऊ' म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगते. कॅन्सर झालेल्या मुलांच्या हाडातला मगज किंवा पाठीतलं पाणी पुन्हापुन्हा तपासावं लागतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अशा काही मुलांना पहिल्या वेळी प्रभावी वेदनाशामक दिलं, काहींना नुसतं दिखाऊ औषध. पुढच्या वेळी सगळ्यांनाच खरं औषध मिळालं. तरी पहिल्या वेळी ज्यांना ते मिळालं नव्हतं, त्यांच्यातल्या आठ वर्षांखालच्या मुलांना पुढेही जास्त दुखत राहिलं. तो अभ्यास वेदनेच्या औषधाचा होता, भीतीच्या नव्हे, हा फरक मी शिक्षिका म्हणून लपवणार नाही. पण पहिला अनुभव पुढच्या अनुभवांवर सावली टाकतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आता धोक्यांबद्दल. इथे मी आजीआजोबांच्या बाजूने उभी आहे. हे औषध श्वास मंदावू शकतं. म्हणूनच त्याच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा आहे: श्वास आणि हृदयाकडे सतत लक्ष ठेवता येईल अशा ठिकाणीच ते द्यावं. अफूच्या कुळातल्या वेदनाशामकांबरोबर दिलं तर धोका वाढतो. काही मुलांना ते उलटंच पडतं. शांत होण्याऐवजी ती चिडतात, किंचाळतात. ग्रेपफ्रूटचा रस आणि काही अँटिबायोटिक्स यांनी औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून मूल काय काय घेतं ते सगळं सांगावं, आपला घरगुती काढासुद्धा. अमेरिकन औषध प्रशासनाने २०१६ मध्ये इशारा दिला की, तीन वर्षांखालच्या मुलांना भुलीची आणि गुंगीची औषधं वारंवार किंवा तीन तासांहून जास्त वेळ दिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो; एकदाच, थोड्या वेळासाठी दिल्याने तसं होण्याची शक्यता कमी. म्हणजे प्रत्येक फ्लूच्या लशीला हे औषध मागायचं नाही, हे उघड आहे.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. आपल्या घरांतल्या औषधांच्या डब्यात भारतातून आणलेली अल्प्राझोलामची पट्टी असते, आजोबांच्या झोपेसाठी. त्यातली पाव गोळी नातवाला 'डेंटिस्टकडे जायच्या आधी' द्यायची नाही. कधीही नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं गुंगीचं औषधही घरी पाजून निघायचं नाही. बालरोग आणि बालदंतवैद्यक संघटनांच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. कारण साधं आहे. कार-सीटमध्ये पेंगलेल्या मुलाची मान पुढे पडते, श्वास अडतो, आणि तुमचे डोळे रस्त्यावर असतात.

मग पालकांनी काय करायचं? अपॉइंटमेंट घेतानाच पाच प्रश्न विचारा. ही तपासणी आत्ताच हवी का? दुखू नये म्हणून काय करणार? भीतीसाठी काय करणार? औषध देणार असाल तर मुलाच्या श्वासाकडे पूर्ण वेळ कोण बघणार, आणि काही बिघडलं तर सावरणारं माणूस आणि साधनं तिथे आहेत का? मला मुलाजवळ थांबता येईल का? दंतवैद्याच्या दवाखान्यात चौथा प्रश्न दोनदा विचारा. दात कोरणारी व्यक्तीच मुलाच्या श्वासावरही लक्ष ठेवणार असेल, तर नम्रपणे उठून या. शिवाय खाण्यापिण्याच्या वेळा सांगितल्या असतील त्या तंतोतंत पाळा. 'उपाशीपोटी कसं पाठवू' म्हणून गुपचूप दूध पाजणाऱ्या आज्या मला माहीत आहेत.

साध्या सुईसाठी साधे उपाय पुरतात. बधिर करणारं मलम आधी लावायचं. प्रकारानुसार अर्धा ते एक तास लागतो. तान्ह्या बाळाला अंगावर पाजायचं किंवा साखरेच्या पाण्याचे थेंब द्यायचे. मुलाला आडवं दाबण्याऐवजी आईबाबांच्या कुशीत, छातीशी धरून बसवायचं. त्याचं लक्ष दुसरीकडे वळवायचं. 'चिल्ड्रन्स मिनेसोटा' या रुग्णालयाने या चार गोष्टी सुईच्या प्रत्येक प्रसंगी देण्याचं धोरणच ठेवलं. तुमच्या दवाखान्यात ते नसेल तर मागा.

काही वाचक म्हणतील, असं सगळं मऊ केलं तर मुलं धीट कशी होणार? प्रश्न रास्त आहे. पण धीर हा जमलेल्या प्रसंगांतून वाढतो. 'मला भीती वाटली होती, तरी मी ते पार पाडलं' असं जे मूल स्वतःशी म्हणू शकतं, ते पुढच्या वेळी कमी औषधावर किंवा औषधाशिवाय जाईल. ज्याला दाबून धरलं होतं, त्याच्याकडे स्वतःला सांगण्यासारखं काय असतं? एवढंच की माझ्या 'नको'ला किंमत नाही आणि आईही त्यांच्यातच सामील होती. आणि काही मुलांच्या बाबतीत, ऑटिझम असलेली किंवा वर्षभर उपचार चालणारी, हा धीराचा मामलाच नसतो. त्यांना औषधाची गरज आहे, आणि त्यांच्या आईबापांना आपल्या टोमण्यांची अजिबात नाही.

शेवटचं, आणि हे फुकट आहे. 'जेव, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील' हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार करा. आपण बागुलबुवाला पांढरा कोट घालतो, आणि मग मूल दवाखान्यात रडलं की त्यालाच भित्रा म्हणतो. 'काही दुखणार नाही' असं खोटंही सांगू नका. 'थोडं दुखेल, पाच आकडे मोजेपर्यंत. मी इथेच आहे,' एवढं पुरतं. कोणतंही औषध देणार असले तरी हे बोलणं चुकवू नका. औषध उतरल्यावर मुलाजवळ राहतो तो तुमच्यावरचा विश्वास.

तेव्हा पुढच्या वेळी नातवंडाच्या तपासणीची गोष्ट घरात निघाली, तर आजीआजोबांनो, 'आमच्या वेळी' ने सुरुवात करू नका. मुलाला विचारा, "तुला कशाची भीती वाटते?" उत्तर ऐकून घ्या. मग डॉक्टरांना फोन लावा.

सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. आणि हो, फटाक्यांना घाबरणाऱ्या नातवालाही या वर्षी हसू नका.